सोलापूरहून वायनरी पाहायला जाताना

सोलापूर जिल्ह्यातील माणसाला द्राक्षाची ओळख करून द्यावी लागत नाही. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेत निवडलेले ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ हे वाण महाराष्ट्रभर पोहोचले, पंढरपूर तालुक्यात कासेगावच्या बाजूला बेदाण्याची शेडच्या शेड उभी आहेत, आणि खरड छाटणी, फळछाटणी आणि डावणी, भुरी या बुरशीच्या रोगांची नावे, हे शब्द आपल्याकडे चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. तरीही वाइन कशी होते असे विचारले, तर बहुतेक जण ‘द्राक्षे आंबवतात’ एवढे सांगून थांबतात. हे उत्तर चूक नाही, पण बेदाणा कसा होतो याला ‘द्राक्षे वाळवतात’ असे उत्तर देण्यासारखे ते आहे. ज्याने घड बुडवण्यासाठी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलचे द्रावण कालवले आहे, जाळीवर घड पसरले आहेत आणि अवकाळी पावसाच्या रात्री शेडवर ताडपत्री ओढली आहे, त्याला ‘वाळवतात’ या शब्दात किती गोष्टी राहून जातात हे ठाऊक असते. वाइनचेही तसेच आहे, आणि म्हणून वायनरीला एकदा तरी नीट, विचारपूर्वक भेट द्यावी असे मला मनापासून वाटते. ही भेट कशी आखावी, तेथे काय पाहावे आणि काय विचारावे, हे येथे सांगत आहे.

पहिला प्रश्न महिन्याचा. वाइनच्या द्राक्षांची काढणी आपल्याकडे साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते, आणि वायनरी पाहण्याचा खरा काळही तोच. युरोपात हिवाळ्यात वेल झोपते आणि काढणी उन्हाळा संपता संपता, सप्टेंबरच्या आगेमागे होते. महाराष्ट्रात वेल तशी गाढ झोपत नाही, म्हणून आपण एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर फळछाटणी अशा दोन छाटण्या घेतो आणि फळ थंडीच्या कोरड्या दिवसांत पिकवतो. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, हे माण-नीरेच्या पट्ट्यातील जानेवारीचे हवामान वाइनच्या द्राक्षाला मानवते, कारण उन्हात साखर भरते आणि गार रात्रीमुळे मण्यातील आंबटपणा टिकून राहतो. मी पहिल्यांदा दुसऱ्या एका जिल्ह्यातील वायनरी पाहिली ती ऑगस्टमध्ये. टाक्या धुऊन पालथ्या घातलेल्या भांड्यांसारख्या गप्प होत्या, माहिती देणाऱ्या मुलाने पाठ केलेली वाक्ये वीस मिनिटांत म्हणून दाखवली आणि आम्हाला थेट विक्रीच्या दालनात नेऊन सोडले. त्या दिवशी मी बाटल्यांच्या किमती शिकलो, वाइनबद्दल काहीही शिकलो नाही. पुढे फेब्रुवारीत दुसरीकडे गेलो, तेव्हा फाटकातच आंबणाऱ्या रसाचा वास आला आणि निम्मी शिकवणी तेथेच झाली.

जायचे कोठे, याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. अकलूजजवळ माळशिरस तालुक्यात फ्राटेलीचे द्राक्षमळे आणि वायनरी आहे. इटालियन भाषेत ‘फ्राटेली’ म्हणजे भाऊ. मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीतील सेक्की अशा तीन घरांतील भावांच्या जोड्यांनी २००७ साली हा उद्योग उभा केला, आणि टस्कनीतील वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांनी तेथील वाइनला वळण लावले. सोलापूरहून मोहोळ-टेंभुर्णीमार्गे किंवा पंढरपूरमार्गे अकलूजला जाता येते, आणि वाटेतील थांबे धरून अडीच-तीन तास हाताशी ठेवावेत. आषाढी वारीच्या दिवसांत हा बेत आखू नये. तुकोबांची पालखी अकलूजवरून आणि माउलींची माळशिरस-वेळापूरवरून जाते, आणि त्या दिवसांत तो रस्ता वारकऱ्यांचा असतो. शिवाय तेव्हा काढणीही नसते.

कोणत्याही वायनरीत न कळवता जाऊ नये. आठवडाभर आधी फोन करून भेटीची वेळ, शुल्क आणि काढणी चालू आहे का, एवढे विचारून घ्यावे, आणि शक्य असेल तर रविवार टाळावा. रविवारी गर्दी सहलीची असते आणि उत्तरे देणाऱ्यालाही उसंत नसते. फोनवरच आणखी एक वाक्य जरूर बोलावे: ‘आम्हाला चाखण्यापेक्षा काम पाहण्यात जास्त रस आहे.’ या वाक्याने किती दारे उघडतात, याचा अनुभव मी घेतला आहे. सकाळी लवकर पोहोचावे, कारण द्राक्षे उन्ह चढण्याआधी, काही ठिकाणी तर रात्रीच, तोडली जातात. गरम घड क्रेटमध्ये पडला की रस सुटू लागतो आणि नको ते आंबणे टाकीच्या आधीच सुरू होते. अकलूजला आदल्या रात्री मुक्काम केला तर हे सहज साधते.

तयारीत नाकाचा विचार सर्वांत आधी करावा. त्या दिवशी अत्तर, सेंट लावू नये, गजरा माळू नये, आणि पान-तंबाखू निदान दुपारपर्यंत बाजूला ठेवावी. पायात पूर्ण झाकलेले, न घसरणारे बूट असावेत, कारण काढणीच्या दिवसांत वायनरीची फरशी सतत धुतली जाते. पिपांच्या खोलीत गारवा असतो, म्हणून एखादी शाल किंवा जाकीट जवळ असावे. न्याहारी पोटभर पण सौम्य करावी. शेंगाचटणी मात्र परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवावी, कारण लसूण आणि तिखट जिभेवर बसले की पुढचे दोन तास तिला दुसरे काही कळत नाही. उलट आपली कडक भाकरी या कामाला फार उपयोगी आहे. कोरडी, बेताच्या चवीची आणि तेलाचा स्पर्श नसलेली ही भाकरी दोन घोटांच्या मध्ये तोंड स्वच्छ करायला पावाच्या तुकड्याइतकीच चांगली, म्हणून दोन-तीन भाकऱ्या डब्यात न्याव्यात.

गाडी कोण चालवणार, हे निघण्यापूर्वी ठरवावे आणि त्या व्यक्तीने एक घोटही घेऊ नये. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे आणि ती फार लवकर गाठली जाते. महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी वय किमान २१ वर्षे असावे लागते, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्याचा परवानाही लागतो. तो एका दिवसापुरताही मिळतो. न पिणाऱ्यानेही वायनरीत अवश्य जावे. माझ्यासोबत आलेल्या एका बेदाणा उत्पादक काकांनी आयुष्यात थेंबही घेतलेला नव्हता, आणि त्या दिवशी सर्वांत नेमके प्रश्न त्यांनीच विचारले.

भेटीची सुरुवात बागेपासून करावी. अनेक ठिकाणी पाहुण्यांना आधी थंड दालनात बसवतात, तेव्हा नम्रपणे बाग दाखवण्याची विनंती करावी. आपल्याकडील खाण्याच्या द्राक्षाच्या मांडवाला सरावलेल्या डोळ्यांना येथील घड आधी किरकोळ वाटतो. मणी लहान, साल जाड, आत बिया. खाण्याच्या द्राक्षाला आपण जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संप्रेरकात बुडवून लांब, टपोरा करतो आणि एकरी दहा-बारा टनांचा हिशेब मांडतो. येथे मणी लहान राहावा असेच पाहतात आणि वेलीवरचा भार मुद्दाम कमी ठेवतात, कारण रंग, वास आणि तुरटपणा सालीत असतो आणि मणी जितका लहान, तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण जास्त.

या ठिकाणी घाई न करता एक प्रयोग करावा. परवानगी घेऊन काबर्ने सोव्हिन्यों किंवा शिराझ या काळ्या द्राक्षाचा एक मणी तोडावा आणि बोटांत दाबून रस तळहातावर घ्यावा. साल काळी-जांभळी असली तरी तळहातावरचा रस जवळपास बिनरंगी दिसतो. तांबड्या वाइनची सगळी गोष्ट या एका थेंबात आहे: रंग हवा असेल तर रसाला सालीबरोबर राहू द्यावे लागते. नंतर साल एकटीच चघळावी. दातांवर आणि गालांच्या आतल्या बाजूला जो कोरडा ताण जाणवतो, ते टॅनिन. कच्ची सुपारी किंवा हिरवट केळे खाल्ल्यावर तोंड जसे धरते, तोच हा प्रकार. शेवटी बी चावून पाहावी. पिकलेली बी तपकिरी असते आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुडकन फुटते, तर कच्ची बी हिरवी आणि कडू असते. यंत्राने साखर मोजता येते, पण काढणीचा दिवस ठरवताना जाणकार माणूस असा मणी चावूनही पाहतो.

साखर मोजण्याचे रिफ्रॅक्टोमीटर आपल्या बागायतदारांच्या खिशात असतेच. खाण्याच्या द्राक्षाला १७-१८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातील साखरेचे शेकडा प्रमाण) आपण समाधानी असतो. वाइनसाठी, विशेषतः तांबड्या वाइनसाठी, ते २३-२४ पर्यंत जाऊ देतात. ब्रिक्सला ०.५५ ने गुणले की तयार वाइनमधील अल्कोहोलचा साधारण अंदाज येतो, म्हणजे २४ ब्रिक्सच्या रसापासून सुमारे १३ टक्क्यांची वाइन. बागेतील माणसाला आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: भुरीसाठी गंधकाची शेवटची फवारणी काढणीच्या किती दिवस आधी थांबवता? मण्यावर गंधक राहिले, तर आंबण्याच्या काळात त्यापासून सडक्या अंड्यासारखा वास तयार होऊ शकतो. बागेतील एक फवारणी टाकीत कशी उतरते, हे या एका उत्तरातून समजते.

आता क्रेटच्या मागोमाग आत जावे. घड निवडण्याच्या पट्ट्यावरून पुढे सरकतात, पाने आणि खराब मणी हाताने वेचले जातात, आणि मग देठ काढणाऱ्या यंत्रातून मणी वेगळे होतात. देठ हिरवट, कडवट चव देतात म्हणून ते बहुधा बाहेर टाकले जातात. नाकाला किंचित झोंबणारा वास आला तर तो सल्फर डायऑक्साइडचा. बेदाण्याला गंधकाची धुरी देणाऱ्यांना तो लगेच ओळखू येईल. रस काळवंडू नये आणि नको असलेले जंतू दबून राहावेत, यासाठी तो अगदी मोजक्या प्रमाणात वापरतात.

येथून पांढऱ्या आणि तांबड्या वाइनच्या वाटा वेगळ्या होतात. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आधी पिळतात, रस थंड करून गाळ खाली बसू देतात आणि नुसता रस आंबवतात. तांबड्या वाइनसाठी साल, बी आणि रस सगळे एकत्रच टाकीत जाते, आंबून झाल्यावर मग चोथा पिळतात. गुलाबी वाइनमध्ये सालीचा सहवास काही तासांचाच असतो. पाहुण्याला कोणी एवढे तीन वाक्यांत समजावले, तरी पुढचे बरेचसे त्याचे त्याला कळू लागते.

स्टीलच्या टाकीजवळ मात्र रेंगाळावे. आत यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करत असते आणि त्यात उष्णता निर्माण होते, म्हणून टाकीभोवती थंड द्रवाचे आवरण खेळवलेले असते. पांढरी वाइन साधारण १२ ते १८ अंशांवर संथ आंबवतात, कारण उष्णतेने तिचा फुला-फळांचा वास उडून जातो. तांबडीला सालीतून रंग आणि टॅनिन उतरायला २५ ते ३० अंशांची ऊब लागते. टाकीवर लावलेल्या तक्त्यावर रोजचे तापमान आणि घनता लिहिलेली असते, ती वाचावी. आपले रिफ्रॅक्टोमीटर येथे चुकीचा आकडा दाखवते, कारण रसात अल्कोहोल आले की प्रकाशाच्या वक्रीभवनाचा हिशेब बदलतो. म्हणून येथे काचेची तरंगणारी नळी, हायड्रोमीटर, वापरतात. सुरुवातीला १.०९ ते १.१० असलेली घनता आठवड्याभरात पाण्याच्याही खाली उतरली, की साखर संपली असे समजतात.

टाकीच्या नमुन्याच्या तोटीतून अर्धवट आंबलेला रस मिळाला, तर तो आधी कानाजवळ धरावा. बारीक चरचर ऐकू येते. गढूळ, फिक्या पेरूच्या गरासारखा रंग, वर पांढुरका फेस, आणि वासात रात्रभर आंबलेल्या डोशाच्या पिठाची स्पष्ट आठवण. जिभेवर आधी गोड, मग आंबट, मग टोचरे बुडबुडे. काढणीच्या मोजक्या आठवड्यांतच वायनरीच्या भिंतींच्या आत मिळणारी ही चव आहे, आणि माझ्या मते साऱ्या भेटीत हिच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही.

तांबड्या वाइनच्या टाकीवर वायूच्या जोराने साली वर येऊन जाड थर बांधतात. तो थर कोरडा पडू नये म्हणून दिवसातून काही वेळा त्याला खाली दाबतात, किंवा तळाचा रस पंपाने वर घेऊन त्यावर शिंपतात. हे काम चालू असेल तर थांबून पाहावेच, मात्र टाकीच्या तोंडाशी वाकून पाहू नये आणि मुलांना तेथे नेऊ नये. कार्बन डायऑक्साइड हवेहून जड असतो, टाकीत आणि खोलगट जागी साचतो आणि माणसाला कळण्याआधी शुद्ध हरपते. जुन्या आडात उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहण्याची आपल्याकडची रीत ज्या भीतीतून आली, तीच भीती येथेही बाळगावी.

आंबणे संपल्यावर तांबड्या आणि काही पांढऱ्या वाइनमध्ये दुसरा, शांत बदल होतो. कच्च्या सफरचंदात असते त्या मॅलिक आम्लाचे, जिवाणू दह्यातील लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात आणि वाइनचा कडक आंबटपणा मवाळ होतो. त्यानंतर काही वाइन ओकच्या पिपांत जाते. नेहमीचे पीप २२५ लिटरचे, म्हणजे ३०० बाटल्यांचे असते आणि त्याची आतली बाजू विस्तवावर शेकलेली असते. व्हॅनिला, भाजलेले लाकूड, मसाल्याचा भास, हे वास तेथून येतात. पीप फ्रेंच ओकचे की अमेरिकन, नवे की तीन-चार वेळा वापरलेले, हे विचारावे, कारण जुने पीप वास फारसा देत नाही, पण लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून हवेचा हलका स्पर्श मात्र देत राहते. त्याच छिद्रांतून वाइन थोडी थोडी उडतही जाते, म्हणून पिपे वेळोवेळी पुन्हा काठोकाठ भरावी लागतात.

शाकाहारी वाचकांनी एक प्रश्न विसरू नये. वाइन नितळ करण्यासाठी बेंटोनाइट नावाची माती वापरतात, तसेच काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, दुधातील केसीन किंवा माशापासून मिळणारा पदार्थही वापरला जातो. ते गाळाबरोबर खाली बसून निघून जातात, पण ज्याला नको असेल त्याला आधी कळलेले बरे. बाटलीच्या तळाशी किंवा बुचाला साखरेसारखे कण दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात आणि त्यांपासून काही अपाय होत नाही. हेच आम्ल आपल्या चिंचेत असते.

चाखण्याच्या वेळी क्रम हलक्याकडून भारीकडे असावा: आधी पांढरी, मग गुलाबी, मग तांबडी, आणि गोड असेल तर ती शेवटी. पेला दांड्याला धरावा, पांढऱ्या कागदावर तिरपा करून रंग पाहावा, हलवण्यापूर्वी एकदा आणि हलवल्यानंतर एकदा वास घ्यावा, आणि छोटा घोट सगळ्या जिभेवर फिरवून थुंकीच्या भांड्यात टाकावा. आपल्याकडे लोकांना याचा संकोच वाटतो, पण वायनरीत काम करणारे सगळे असेच करतात, आणि पाचव्या पेल्याची चव पहिल्याइतकीच शुद्धीवर राहून समजून घ्यायची असेल तर दुसरा उपाय नाही. वासाला नाव देताना परदेशी फळांची नावे शोधत बसू नये. जांभूळ, पेरू, करवंद, ओली माती, गुळाची ढेप, जे आठवेल ते वहीत लिहावे. मघाशी बागेत चघळलेली साल आठवावी आणि तोच ताण या घोटात किती उरला आहे, किती मऊ झाला आहे, हे ताडून पाहावे.

घरी बाटल्या न्यायच्या असतील, तर बिल सांभाळून ठेवावे आणि उन्हाची काळजी घ्यावी. मार्चच्या दुपारी बंद गाडीच्या डिकीत वाइन अक्षरशः शिजते. माझी एक चांगली तांबडी बाटली पंढरपूरला जेवायला थांबलो तेवढ्या वेळात गेली: बूच वर सरकले होते, गळ्याला चिकट ओघळ आला होता, आणि उघडल्यावर मुरंब्यासारखा उकडलेला वास आला. तेव्हापासून मी बर्फाच्या पिशव्यांचा डबा नेतो आणि बाटल्या सोलापुरी चादरीत गुंडाळून सीटच्या खाली, सावलीत ठेवतो. जाड विणीची चादर धक्काही सोसते आणि गारवाही बराच वेळ धरून ठेवते.

घरी आल्यावर लाकडी बूच असलेली बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते. फिरकीच्या झाकणाची उभी ठेवली तरी चालते. स्वयंपाकघरातील माळा ही सर्वांत वाईट जागा, घरातील सर्वांत गार आणि अंधारी खोली सर्वांत चांगली. आपल्या एप्रिल-मेमध्ये तशी खोली घरात नसेल, तर बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, तांबडी वाइन वाढण्यापूर्वी वीसेक मिनिटे बाहेर काढावी, आणि एकदा उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्येच ठेवून तीन-चार दिवसांत संपवावी.